आजारी पडल्यावरच विमा का जातो?

"मुलाला कंपनीचा विमा आहे, आता काळजी कसली?" ज्यांची मुले अमेरिकेत नोकरीला आहेत अशा पुण्या-नाशिकच्या आईवडिलांच्या बोलण्यात हे वाक्य हमखास येते. वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. मुलगा जिन्यावरून पडला, कंबरेचे हाड मोडले आणि सहा महिने कामावर जाताच आले नाही, तर तो विमा राहतो का? अमेरिकेत जन्मलेली माणसेही हा प्रश्न विचारतात. मात्र बहुतेक जण पडल्यानंतर विचारतात.

या प्रश्नाचे उत्तर आठवड्यांत आणि महिन्यांत द्यावे लागते. बारा आठवडे, साठ दिवस, अठरा महिने, एकोणतीस महिने अशा मुदती वेगवेगळ्या कायद्यांनी, वेगवेगळ्या दशकांत ठरवल्या. त्या एकमेकींना नीट जोडलेल्या नाहीत. माणूस हातचा सुटतो तो या सांध्यांमधून.

१. बैल बसला की पाणी बंद

अमेरिकेत ६५ वर्षांखालच्या पंधरा कोटींहून जास्त लोकांचा आरोग्यविमा नोकरीतून येतो. स्वतःच्या, नाहीतर नवऱ्याच्या, बायकोच्या किंवा आईवडिलांच्या. हप्त्याचा मोठा भाग मालक भरतो, लहान भाग पगारातून कापला जातो. नोकरी टिकवायला शरीर धड लागते आणि शरीर धड नसते तेव्हाच विम्याची खरी गरज पडते. जुन्या मोटेच्या विहिरीवर पाणी बैलांच्या जोरावर वर यायचे. बैल बसला की थारोळ्यात पाणी पडायचे थांबे, आणि नेमका तेव्हा सगळ्यात तहानलेला तोच असे.

ही गत फक्त गरिबाची होते असेही नाही. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटीच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू असताना बफेलो बिल्स संघाचा २४ वर्षांचा खेळाडू डमार हॅमलिन टक्कर झाल्यावर उठला, दोन पावले चालला आणि कोसळला. त्याचे हृदय थांबले होते. मैदानावरच छाती दाबून त्याला परत आणले गेले. देशभर टीव्हीवर हे दिसत होते. पुढच्या काही दिवसांत एक कोरडा तपशील लोकांच्या ध्यानात आला. या लीगमध्ये खेळ सोडल्यानंतर पाच वर्षे आरोग्यविमा मिळतो, पण तीन हंगाम पुरे केलेल्यालाच. हॅमलिनचा तो दुसरा हंगाम होता. सुदैवाने तो बरा झाला आणि त्याच वर्षी पुन्हा खेळू लागला, म्हणून त्याच्यापुरता हा नियम कागदावरच राहिला. कोट्यवधी डॉलरच्या खेळात जर अशी अट असेल, तर गोदामात खोकी उचलणाऱ्याची काय कथा!

२. विमा नोकरीत शिरला कसा

कोणी बसून अशी रचना आखली नव्हती. १९२९ मध्ये टेक्सासमधल्या डॅलस शहरात बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाचा कारभार जस्टिन फोर्ड किंबॉल यांच्याकडे आला. ते आधी शहरातल्या शाळांचे अधीक्षक होते. थकलेल्या बिलांच्या यादीत त्यांना ओळखीच्या शिक्षकांची नावे दिसली. त्यांनी शिक्षकांपुढे एक योजना ठेवली: महिन्याला ५० सेंट द्या आणि वर्षात २१ दिवसांपर्यंत रुग्णालयात राहण्याची सोय मिळवा. पुढे देशभर पसरलेल्या ‘ब्लू क्रॉस’ योजनांचे मूळ इथे सापडते. नोकरीच्या ठिकाणी गट करून विमा उतरवण्यात शहाणपण होते. एका गटात धडधाकट माणसे पुष्कळ असतात, त्यामुळे थोड्या आजाऱ्यांचा खर्च सगळ्यांत वाटला जातो.

खरी गाठ बसली ती दुसऱ्या महायुद्धात. महागाई आवरायला ऑक्टोबर १९४२ मध्ये पगार गोठवणारा कायदा आला. कामगारांचा तुटवडा होता आणि पगार वाढवायची बंदी होती. कायद्याने विमा आणि निवृत्तिवेतन मात्र या बंदीतून वगळले होते. मालकांनी ती फट ओळखली आणि पगाराऐवजी विमा देऊन माणसे ओढायला सुरुवात केली. त्यावर कर लागणार नाही असा निर्णय १९४३ मध्ये झाला आणि १९५४ च्या करकायद्याने तो पक्का केला. हिशेब सोपा आहे. मालकाने शंभर डॉलर पगार म्हणून दिले तर त्यातून कर कापला जाऊन सत्तर-पंचाहत्तर हातात येतात. तेच शंभर विम्याच्या रूपाने दिले तर पुरेच्या पुरे विम्याला लागतात. मग विमा कोण सोडील?

पगार गोठले त्याच वर्षी, डिसेंबर १९४२ मध्ये, ब्रिटनमध्ये विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल आला आणि जुलै १९४८ मध्ये तिथे सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. तिथे रुग्णालयात शिरताना नोकरी आहे का, हे विचारायचे कारणच उरले नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ मध्ये राष्ट्रीय विम्याचा प्रस्ताव मांडला होता. डॉक्टरांच्या संघटनेच्या कडव्या विरोधापुढे तो टिकला नाही. युद्धकाळातली तात्पुरती पळवाट तिथे कायमचा रस्ता झाली.

३. पडलात कुठे?

दुखापत झाल्यावर पहिला प्रश्न ती कुठे झाली हा असतो, किती झाली हा नंतर. कामावर झाली असेल तर ‘वर्कर्स कॉम्पेन्सेशन’ हा कायदा लागू होतो. विस्कॉन्सिन राज्याने १९११ मध्ये तो आणला आणि मग इतर राज्यांनी उचलला. चूक कोणाची याचा वाद न घालता त्या जखमेचा सगळा औषधोपचार आणि साधारणपणे पगाराच्या दोन तृतीयांश इतकी रक्कम मिळते. टेक्सासमध्ये मात्र खासगी मालकावर हा विमा घेण्याची सक्ती नाही.

इथे एक गैरसमज ठरलेला असतो. कॉम्पेन्सेशन चालू आहे म्हणजे आपण विम्यात आहोत, असे लोक धरून चालतात. ते पैसे त्या एका जखमेपुरते असतात. मोडलेल्या मनगटाची शस्त्रक्रिया त्यातून होईल. त्याच माणसाचा मधुमेह, बायकोचे बाळंतपण, मुलाचा दमा यांचा त्याच्याशी संबंध नाही. घरासाठी नेहमीचा विमा लागतोच, आणि तो नोकरीला बांधलेला असतो.

दुखापत घरी, रस्त्यावर किंवा क्रिकेट खेळताना झाली तर हा कायदाही नाही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत अशा वेळी तात्पुरत्या अपंगत्वाचा सरकारी भत्ता मिळतो. तो पगाराचा काही भाग भरून काढतो. डॉक्टरचे बिल देणे हे त्याचे काम नव्हे.

दुसऱ्याच्या चुकीने अपघात झाला तर आणखी एक फास असतो. मिझुरी राज्यातल्या एका बाईंचे प्रकरण २००८ मध्ये तिथे गाजले. त्या वॉलमार्टच्या दुकानात फळ्यांवर माल लावायच्या. २००० मध्ये त्यांच्या गाडीला ट्रकने धडक दिली आणि मेंदूला कायमची इजा झाली. कंपनीच्या आरोग्य योजनेने सुमारे ४ लाख ७० हजार डॉलर खर्च केले. ट्रक कंपनीकडून ७ लाखांची भरपाई मिळाली. वकिलांची फी वजा जाता ४ लाख १७ हजारांच्या आसपास उरले आणि ते त्यांच्या पुढच्या सांभाळासाठी विश्वस्त निधीत ठेवले गेले. मग योजनेने दावा लावला: तुम्हाला भरपाई मिळाली, आमचे पैसे परत करा. योजनेच्या कागदात तसे कलम होते, आणि न्यायालयांनी ते मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. देशभर टीकेची झोड उठल्यावर एप्रिल २००८ मध्ये कंपनीने वसुली सोडून दिली. कलम मात्र बेकायदा ठरले नाही. अशी कलमे आजही असंख्य योजनांत आहेत.

४. बारा आठवडे

आता एक हिशेब मांडू. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एक मराठी कुटुंब आहे असे समजा: नवरा-बायको, दोन मुले, ग्रीन कार्ड मिळालेले. नवरा वर्षाला १ लाख २० हजार डॉलर कमावणारा अभियंता. बायको घर सांभाळते. विमा सगळ्यांचा त्याच्या कंपनीचा. १० जानेवारी २०२४ रोजी सकाळी दारासमोरच्या गोठलेल्या बर्फावरून तो घसरला आणि पाठीचा कणा दुखावला. काम घरून करायचे असो वा ऑफिसातून, बसताच येत नाही.

पगार थांबला. विमा लगेच थांबला नाही, कारण ‘फॅमिली अँड मेडिकल लीव्ह अॅक्ट’ नावाचा १९९३ चा कायदा मधे आला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सत्तेवर आल्यावर पंधरवडा उलटताच त्यावर सही केली होती. तो बारा आठवड्यांची बिनपगारी रजा देतो, तेवढ्या काळात नोकरी राखून ठेवतो, आणि आरोग्यविमा होता त्याच अटींवर चालू ठेवायला मालकाला भाग पाडतो. अट अशी की कंपनीत ५० किंवा जास्त माणसे असावीत, आणि कामगाराने तिथे किमान वर्षभर, त्यातले निदान १,२५० तास काम केलेले असावे. लहान दुकानातला, नव्याने लागलेला, अर्धवेळ काम करणारा असे पुष्कळ लोक या अटींत बसतच नाहीत.

रजेवर असतानाही हप्त्यातला आपला वाटा भरायचा असतो. एरवी तो पगारातून आपोआप कापला जातो. पगारच नाही म्हटल्यावर चेक पाठवावा लागतो. हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि विमा हप्ता थकल्यामुळे तुटतो. दुखणे, वेदनाशामक गोळ्या, अर्धवट झोप यांत कंपनीचे पत्र न उघडता पडून राहिले तर नवल नाही.

आपल्या अभियंत्याचे बारा आठवडे एप्रिलच्या सुरुवातीला संपतात. अपंगांच्या हक्कांचा १९९० चा कायदा दाखवून थोडी जास्त रजा मागता येते आणि चांगल्या कंपन्या देतातही. पण कधी परत येणार हे डॉक्टरच सांगू शकत नसेल तर कंपनी नोकरी संपवू शकते. बहुतेक योजनांत विमा त्या महिन्याच्या अखेरीपर्यंत चालतो. म्हणजे ३० एप्रिल.

५. कोब्रा: आपल्या पैशाने कंपनीचा विमा

एप्रिल १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या एका भल्याथोरल्या अर्थसंकल्पी कायद्यात एक तरतूद होती. सगळे तिला ‘कोब्रा’ म्हणतात. २० किंवा जास्त माणसांच्या कंपनीतून बाहेर पडणाऱ्याला तोच गट-विमा अठरा महिने चालू ठेवता येतो. मात्र मालकाचा वाटाही आता त्यानेच भरायचा, वर दोन टक्के कारभारखर्च.

ही दोन टक्क्यांची गोष्ट वाटते, पण झटका दुसरीकडूनच बसतो. केएफएफ या संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये कंपनीच्या कुटुंब-विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता आणि त्यातले ६,२९६ कामगार भरत होता. म्हणजे नोकरीत असताना पगारातून महिन्याला सुमारे ५२५ डॉलर कापले जात. कोब्रावर तेच कार्ड, तेच डॉक्टर, तीच रुग्णालये. हप्ता महिना सुमारे २,१७४ डॉलर. चौपटीहून जास्त.

आणि उत्पन्न? न्यू जर्सीचा अपंगत्व भत्ता पगाराच्या ८५ टक्के आहे. ऐकायला उत्तम. पण त्याला कमाल मर्यादा आहे, २०२४ साठी आठवड्याला १,०५५ डॉलर. आपल्या अभियंत्याचा पगार आठवड्याला सुमारे २,३०० होता, त्यामुळे त्याला ८५ टक्क्यांऐवजी ही मर्यादाच मिळते. महिन्याला साधारण साडेचार हजार. त्यातले जवळजवळ निम्मे कोब्रात गेले. घराचा हप्ता अजून भरायचा आहे. भत्ताही जास्तीत जास्त २६ आठवडे, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंतच.

कोब्राच्या नियमांत एक सवलत मात्र फार उपयोगाची आहे. तो घ्यायचा की नाही हे ठरवायला साठ दिवस मिळतात आणि घेतल्यास विमा मागच्या तारखेपासून लागू होतो. एखाद्याचा विमा ३१ मार्चला संपला, त्याने एप्रिलमध्ये काही भरले नाही आणि २० मे रोजी मुलाचा हात मोडला. त्या दिवशीही तो कोब्रा निवडू शकतो. एप्रिलपासूनचे हप्ते भरले की २० मेचे बिल विम्यात बसते. दुसऱ्या नोकरीच्या उंबरठ्यावर असलेली माणसे ही साठ दिवसांची मुभा हुशारीने वापरतात. अंथरुणावर पडलेल्या माणसाला या मुदतीचा पत्ताही नसतो.

६. एकोणतीस महिन्यांची दरी

समजा कणा सावरलाच नाही. अमेरिकेत कायमच्या अपंगत्वासाठी सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन आहे. १९५६ च्या कायद्याने ते आले आणि प्रत्येक पगारातून त्यासाठी कापले जाते. इजा निदान वर्षभर टिकणारी हवी, आणि आपलेच नव्हे तर कुठलेही बेताचे काम करता येऊ नये, इतकी कडक त्याची व्याख्या आहे. आठ महिन्यांत भरून येणारे हाड त्यात बसत नाही. बहुसंख्य अर्ज पहिल्या फेरीत नाकारले जातात. मग अपील, सुनावणी, वाट पाहणे.

मंजूर झाले तरी पहिले पाच पूर्ण महिने काही मिळत नाही. आणि वृद्धांचा सरकारी विमा, मेडिकेअर, जो १९७२ च्या कायद्याने अपंगांनाही दिला गेला, तो निवृत्तिवेतन सुरू झाल्यानंतर आणखी चोवीस महिन्यांनी. पाच आणि चोवीस, एकोणतीस. हा विलंब खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी घातला होता. अपंग ठरलेल्या माणसाला, तो अपंग आहे हे सरकारनेच मान्य केल्यावर, दोन वर्षे सरकारी विम्याविना ठेवायचे, ही तरतूद निर्दय आहे. एएलएस या मज्जातंतूंच्या जीवघेण्या आजारासाठी २००१ मध्ये चोवीस महिन्यांची अट काढली, कारण पुष्कळ रुग्ण वाट पाहतानाच मरत होते. मूत्रपिंड निकामी झालेल्यांना वेगळा नियम आहे. कणा मोडलेल्याला नाही.

आपल्या अभियंत्याचे वेळापत्रक मांडून पाहू. इजा जानेवारी २०२४. फेब्रुवारी ते जून हे पाच महिने रिकामे. निवृत्तिवेतन जुलै २०२४ पासून. मेडिकेअर जुलै २०२६ पासून. कोब्रा मे २०२४ ला सुरू झाला, तो अठरा महिन्यांनी ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोव्हेंबर २०२५ ते जून २०२६, आठ महिने मधे उघडे.

हे आठ महिने झाकायला १९८९ मध्ये एक ठिगळ लावले गेले. कोब्राच्या पहिल्या साठ दिवसांत माणूस अपंग होता असा सोशल सिक्युरिटीचा निर्णय असेल, तर कोब्रा अठराऐवजी एकोणतीस महिने चालतो. पण वाढीव अकरा महिन्यांसाठी हप्ता दीडपट घ्यायची परवानगी आहे. आपल्या उदाहरणात महिना सुमारे ३,२०० डॉलर. शिवाय निर्णयाचे पत्र साठ दिवसांच्या आत आणि अठरा महिने संपण्यापूर्वी विमा योजनेला पोचवावे लागते. अपील लांबले आणि निर्णय एकोणिसाव्या महिन्यात आला, तर ठिगळ हातात येते पण लावता येत नाही.

७. २०१० नंतर काय बदलले

बरेच बदलले. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांचा २०१० चा आरोग्य कायदा २०१४ पासून पुरता अमलात आला. त्याआधी मोडक्या कण्याच्या माणसाला स्वतंत्र पॉलिसी मागितली की कंपन्या सरळ नाही म्हणत, कारण आजार ‘आधीचा’ होता. आता नाकारता येत नाही आणि आजारासाठी जास्त हप्ताही लावता येत नाही. नोकरीचा विमा गेला की साठ दिवसांत सरकारी बाजारपेठेतून पॉलिसी घेता येते, आणि उत्पन्न घटलेले असेल तर हप्त्यावर अनुदान मिळते. आपल्या अभियंत्यासारख्यांना कोब्रापेक्षा हे पुष्कळदा स्वस्त पडते. इथेही एक मेख आहे. कोब्रा घेऊन मधेच स्वतःहून सोडला तर बहुधा वर्षाअखेरच्या नोंदणीपर्यंत थांबावे लागते.

उत्पन्न फारच घसरले तर मेडिकेड, गरिबांचा सरकारी विमा. इथे राज्याची सीमा नशीब ठरवते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोपवला. न्यू जर्सीने तो केला, टेक्सासने आणि फ्लोरिडाने केला नाही. गंमत अशी की बाजारपेठेतले अनुदान दारिद्र्यरेषेच्या वरच्यांनाच मिळते, कारण खालचे मेडिकेडमध्ये जातील असे कायदा करणाऱ्यांनी धरले होते. त्यामुळे टेक्सासमध्ये पडून ज्याचे उत्पन्न शून्यावर आले, तो अनुदान मिळण्याइतका श्रीमंत नाही, आणि मुले नसलेला, कामाच्या वयाचा माणूस म्हणून मेडिकेडच्या नियमांतही बसत नाही.

८. व्हिसावर असाल तर

एच-१बी व्हिसावर आलेल्यांचा हिशेब आणखी अवघड. नोकरी गेली तर विम्याबरोबर देशात राहण्याचा आधारही जातो. २०१७ च्या नियमाने जास्तीत जास्त साठ दिवसांची मुदत दिली आहे. तेवढ्यात नवा मालक शोधायचा किंवा परतायचे. मात्र नोकरी संपवली नाही, फक्त रजेवर ठेवले, तर व्हिसा टिकतो. एच-१बी कामगाराला काम नसले तरी पगार द्यावा लागतो, अशी मालकावर सक्ती असते. तिच्या अपवादांत नियमावलीने मोटार अपघाताने तात्पुरते अंथरुणाला खिळणे हे उदाहरण नावानिशी दिले आहे. मालकाने पगार थांबवला तरी त्याने नियम मोडलेला नसतो. म्हणून अशा वेळी राजीनाम्यापेक्षा लेखी मंजूर झालेली रजा कितीतरी मोलाची.

सोशल सिक्युरिटीसाठी ६.२ टक्के आणि मेडिकेअरसाठी १.४५ टक्के त्याच्याही पगारातून कापले जातात. पण अपंगत्वाचे वेतन मिळायला तिशीतल्या-चाळिशीतल्या माणसाची साधारण पाच वर्षांची कमाई नोंदलेली हवी. तीन वर्षांत पडला तर भरलेले गेले. काही देशांनी अमेरिकेशी करार करून दोन्हीकडची वर्षे एकत्र मोजायची सोय केली आहे. भारताशी असा करार नाही. मेडिकेड एच-१बी वाल्याला सहसा मिळत नाही, आणि ग्रीन कार्ड मिळाल्यावरही १९९६ च्या कायद्यानुसार बहुतेकांना पाच वर्षे थांबावे लागते. उरली बाजारपेठ. तिथले अनुदान त्यांना मिळत आले होते, पण ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने ते १ जानेवारी २०२७ पासून बंद केले. पुढे पॉलिसी घेता येईल, पूर्ण किमतीला.

९. आणि आपल्याकडे?

मार्च १९४३ मध्ये, बेव्हरिज अहवाल ताजा असताना, भारत सरकारने औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखायचे काम प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे सोपवले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. आदारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला, १९४८ मध्ये त्यावरून कायदा झाला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्लीत ‘ईएसआय’ योजना सुरू झाली. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार तिच्यात येतात. पगाराच्या ०.७५ टक्के कामगार भरतो, ३.२५ टक्के मालक.

ईएसआयच्या दवाखान्यातली रांग, औषधांचा तुटवडा, कळकट भिंती यांबद्दल अंधेरीपासून चिंचवडपर्यंत कामगार जे बोलतात त्यात तथ्य आहे. पण या प्रकरणातल्या प्रश्नापुरते बोलायचे तर या योजनेची घडण अमेरिकेतल्या कुठल्याही कायद्यापेक्षा शहाणी आहे. कामावर इजा झाली तर काम बंद असेपर्यंत पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते आणि त्यासाठी आधी किती हप्ते भरले हे पाहत नाहीत. २०१० च्या दुरुस्तीनंतर घरून कामावर जाता-येतानाचा अपघातही त्यात धरला जातो. कायमचे अपंगत्व येऊन नोकरी गेली, तर निवृत्तीच्या वयापर्यंत नवरा-बायको दोघांचे उपचार वर्षाला १२० रुपये भरून चालू राहतात. तोडण्याची वेळ येते तिथेच विमा धरून ठेवलेला आहे.

२१ हजारांच्या वरचा नोकरदार मात्र अमेरिकेच्याच वाटेवर आहे. हिंजवडीतल्या किंवा ऐरोलीतल्या ऑफिसात एचआरने दिलेले ग्रुप मेडिक्लेमचे कार्ड नोकरीच्या शेवटच्या दिवशी निकामी होते. त्यात आईवडील असतील तर त्यांचेही. कोब्रासारखा कायदा आपल्याकडे नाही. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेखाली आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आणि गोव्यात दीनदयाळ योजनेखाली अडीच ते चार लाखांपर्यंत आधार आहे, पण तो ठरलेल्या उपचारांना आणि यादीतल्या रुग्णालयांनाच.

विमा नियामकाने एक दार उघडे ठेवले आहे: गट-विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि गटात काढलेली वर्षे प्रतीक्षाकाळात मोजली जातात. अर्ज मात्र गट-विमा चालू असतानाच करायला हवा, आणि तुमची प्रकृती पाहून विमा कंपनी अटी घालू शकते. दुखापतीनंतर नोकरी सोडायची वेळ आलीच, तर राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी एचआरकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: विम्याची शेवटची तारीख, बिनपगारी रजेत तो चालू राहतो का, आणि वैयक्तिक पॉलिसीत बदलण्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा. अंगावर प्लास्टर असेल तर हे काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी त्याच आठवड्यात करावे.